पळसाच्या पानातली माती

एका उजाड माळावर सशांचे एक गाव नव्यानेच राहायला आले होते. आधी ते खाली नदीकाठी राहत असत. तिथली जमीन काळीभोर, गाळाची. हरभरा नुसता भिरकावला तरी उगवायचा आणि सशांची सात पिढ्यांची पोटे त्यावर भरली होती. पण त्या वर्षी नदीकाठच्या झुडपांत कोल्ह्यांनी बिऱ्हाड केले आणि सशांच्या घरांतली पिल्ले एकेक करून कमी होऊ लागली. शेवटी सगळ्यांनी आपापल्या वाट्याचे बियाणे पानांत बांधले, पिल्ले पुढे घातली आणि चढ चढून ते माळावर आले.

या गावात एक सशीण होती. तिला सहा पिल्ले झाली, त्यांतली दोन कोल्ह्याने नेली. उरलेल्या चौघांना घेऊन माळावर पाऊल टाकताना तिने मनाशी एकच ठरवले होते, की काही झाले तरी आता खाली उतरायचे नाही. सशिणीचा स्वभाव मोठा चौकस होता. गवताचे एखादे पाते वाकलेले दिसले, तरी ते कोणत्या बाजूला वाकले आहे आणि का, हे पाहिल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. शेजारणी हसून म्हणत, "हिला मुळा दिला तर खाण्याआधी विचारील, की हा पांढरा का." सशीण त्यावर रागावत नसे. मुळा पांढरा का, हे तिला खरोखरच जाणून घ्यायचे असे.

गावाचा प्रमुख एक म्हातारा ससा होता. ससे मुळातच टापटिपीचे. हा तर दिवसातून तीनदा मिशा पुसायचा. "पंजा फिरे तिथे लक्ष्मी फिरे," असे तो येताजाता सगळ्यांना ऐकवी. मात्र माळावर येताना त्याने जो नियम घातला, तो नुसत्या टापटिपीपायी नव्हता. कोल्ह्याचे नाक तिखट असते. जुन्या जागेचा वास नव्या जागी आला, तर त्या वासामागून कोल्हाही येईल, या भीतीने म्हाताऱ्याला झोप लागत नव्हती. म्हणून त्याने सांगितले, की वाटेतल्या ओढ्यावर सगळ्यांनी पाय धुवायचे. बियाणे सात पाण्यांनी धुवायचे आणि, पूर्वापार रिवाज होता तसे, काळ्या कातळावर, भर उन्हात, कडकडीत वाळवायचे. नदीकाठची चिमूटभर धूळही वर येता कामा नये.

सशिणीने पाय धुतले, बियाणेही धुतले. पण एक गोष्ट तिने लपवली. तिचे धाकटे पिल्लू भाऊ गेल्यापासून झोपेत दचकून उठायचे. जुन्या बिळाच्या मातीचा वास नाकाशी असला, तरच ते शांत व्हायचे. त्या बिळाच्या तोंडाशी हरभऱ्याची ओळ होती. तिथलीच दोन मुठी माती सशिणीने पळसाच्या पानात बांधली आणि पोटाशी धरून वर आणली. नव्या बिळात शिरताना तिचे पान दाराशी थोडे फाटले आणि चिमूटभर माती सांडली. घाईत होती बिचारी, तिला कळलेही नाही.

पेरणी झाली. हरभरा उगवला आणि पंधरा दिवस सगळा माळ कोवळा हिरवा दिसत होता. म्हातारा मिशा पुसत समाधानाने फिरू लागला. मग मात्र पाने पिवळी पडायला लागली. आधी खालची, मग वरची. मुलांनो, प्रत्येक दाण्यात त्याच्या आईने थोडी शिदोरी बांधून दिलेली असते. ती असेपर्यंत रोप खुशीत वाढते. ती संपली, की त्याला मातीतून कमवून खावे लागते. माळावरच्या हरभऱ्याची शिदोरी संपली होती आणि पुढे काय खावे, हे त्याला सापडत नव्हते.

म्हाताऱ्याला वाटले, स्वच्छता कमी पडली. त्याने सगळ्यांना रोपांभोवतीचा काडीकचरा वेचायला लावला, पानांवरची धूळ ओल्या गवताने पुसून घेतली. रोपे चकचकीत झाली आणि पिवळीच राहिली. तेव्हा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने सगळ्यांना जमवले. त्याचा आवाज थकलेला होता. पुढच्या पौर्णिमेपर्यंत पिकावर रंग आला नाही, तर सगळ्यांनी परत नदीकाठी जायचे, असे त्याने सांगितले. कोल्हा सगळ्यांना खात नाही, भूक मात्र कोणालाच सोडत नाही, असेही तो म्हणाला. 

 भूक सशिणीला कळत होती, पण कोल्ह्याच्या तोंडातून आलेला आपल्या पिल्लाचा आवाज तिने ऐकला होता. तो तिला पुन्हा ऐकायचा नव्हता. त्या दिवसापासून ती माळभर हिंडू लागली. इथे जमीन उथळ आहे का, तिथे पाणी साचते का, ही रोपे पिवळी तर ती जास्त पिवळी का, असे विचारत आणि पाहत ती पार टोकापर्यंत जाऊन आली. काही उलगडले नाही. दमून घरी परतली, तर दाराशीच एक रोप उभे होते. हिरवेगार, चांगले दणकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसे झाले. रोज याच रोपावरून उडी मारून ती बाहेर जात होती.

तिने त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. बी तेच, सात पाण्यांनी धुतलेले. पेरताना पंजातून निसटून इथे पडले असावे. ऊन तेच, दवही तेच. मग हेच तेवढे हिरवे का? उपटून पाहावे, असे तिच्या मनात आले आणि लगेच भीतीही वाटली. सगळ्या माळावर धड असे हे एकच रोप होते.

"उपटू नकोस गं," करवंदीच्या जाळीतून आवाज आला. "बाजूने उकर. ओढून काढलंस, तर जे बघायचंय तेच मातीत राहून जाईल."

जाळीत एक चिचुंद्री राहत असे. ससे येण्याच्या कितीतरी आधीपासून ती माळावर होती. पण तिच्या अंगाला उग्र वास, दिवसभर नाक मातीत, आणि नाकाने कांदे सोलणाऱ्या सशांना हे कसे चालावे? त्यांनी तिला साधे रामराम केले नव्हते. सशिणीनेही नाही. ते आठवून ती ओशाळली, आणि मग तिने चिचुंद्रीने सांगितले तसे बाजूने हळूहळू उकरायला घेतले.

मुळे उघडी पडली. त्यांच्यावर बारीक बारीक गाठी होत्या, काही मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या. सशिणीने शेजारचे एक पिवळे रोप तसेच उकरून पाहिले. त्याची मुळे साफ होती, एकही गाठ नाही.

चिचुंद्री तुरुतुरु पुढे आली आणि तिने आपले लांबट नाक गाठींपाशी नेले. हा वास या माळावर पूर्वी कधीच नव्हता, असे ती म्हणाली. तुम्ही लोक आलात तेव्हापासून तो फक्त या दाराशी येतो आणि दिवसेंदिवस वाढतो आहे. मग तिने सरळच विचारले, "बाई, खालून काय आणलंस तू?"

 खोटे बोलावे, असे सशिणीला एकदा वाटले. पण उत्तर हवे असेल, तर आधी आपण सगळे खरे सांगावे लागते, एवढे तिला कळत होते. तिने पळसाच्या पानाची गोष्ट सांगितली. ऐकून चिचुंद्रीने मान डोलावली.

"मग बरोबर. या मातीत हरभरा कधी आलाच नव्हता, त्यामुळे त्याचे सोबतीही इथे नव्हते. तुझ्या पानातून आले ते."

"पण आत आहे कोण? मला तर कोणी दिसत नाही."

"मला समोरची टेकडीसुद्धा दिसत नाही," चिचुंद्री म्हणाली. "म्हणून ती नाहीच, असं मी कधी म्हणत नाही."

सशिणीने एक गाठ दातांनी अलगद फोडली. आत गुलाबी रंग होता, पिल्लाच्या कानाच्या आतल्या बाजूसारखा. जे काही आत होते ते जिवंत होते, याबद्दल तिला मग शंका उरली नाही.

तुम्ही शाळेत जाणारी मुले, तुम्हाला ते कोण हे सांगायला हरकत नाही. ते जिवाणू. इतके लहान, की एका गाठीत त्यांचे आख्खे शहर मावते. पिकाला लागणारे एक मोठे अन्न हवेत भरपूर असते, पण झाडाला ते हवेतून घेता येत नाही. हे जिवाणू ते घेतात, झाडाला खाता येईल असे करून देतात आणि झाड त्यांना राहायला मूळ देते, वर पानांत तयार झालेली साखर देते. कोणी कोणावर उपकार करत नाही, दोघांचेही भागते. हरभऱ्याचे सोबती वेगळे, भुईमुगाचे वेगळे. ज्या जमिनीत ते नसतात, तिथे आपले शेतकरी त्यांची पावडर गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला लावतात. सशांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी तर नदीकाठाहून बियाण्याला चिकटून आलेले सोबतीसुद्धा सात पाण्यांनी ओढ्यात सोडून दिले होते.

सशीण तशीच म्हाताऱ्याला बोलावून घेऊन आली. गाठी पाहताच तो दोन पावले मागे सरला. हा रोग आहे, आत्ताच्या आत्ता उपटून फेका, असे तो म्हणाला. सशिणीने मग पळसाचे पान त्याच्यापुढे ठेवले आणि नियम मोडल्याचे कबूल केले. म्हाताऱ्याला राग आला, पण त्याहून जास्त तो घाबरला. 

"पोरी, ही माती नाही. कोल्ह्याला घातलेलं आवतण आहे हे."

"आजोबा, आपण आलो त्या दिवसापासून ही माती इथे आहे," सशीण म्हणाली. "कोल्हा आला नाही. हरभरा मात्र हिरवा झाला. माझ्या वाट्याचं उरलेलं बी मी या मातीत घोळवून पेरते. पौर्णिमेपर्यंत ते हिरवं राहिलं नाही, तर ही माती मीच ओढ्यात सोडीन आणि खाली उतरताना सगळ्यांच्या पुढे चालेन."

उरलेले बी म्हणजे तिच्या चार पिल्लांचे हिवाळ्याचे खाणे होते. म्हाताऱ्यालाही ते माहीत होते. तो बराच वेळ मिशा पुसत राहिला. शेवटी त्याने परवानगी दिली, पण एक अट घातली. मातीत घोळवा नाहीतर आणखी कशात, बी मात्र रिवाजाप्रमाणे कातळावर उन्हात वाळलेच पाहिजे. सशिणीला त्यात काही वावगे वाटले नाही. जन्मापासून ती हेच पाहत आली होती.

माती कोरड्या बियाण्याला चिकटेना. सशिणीने दोनदा घोळवले, दोनदा ती झडून गेली. तेवढ्यात बाभळीखालून येताना तिच्या पंजाला डिंक लागला आणि त्याला वाळके पान असे चिकटले, की झटकले तरी सुटेना. ती हसली. तिने डिंक पाण्यात विरघळवला, त्यात माती कालवली आणि प्रत्येक दाण्याला तो लेप बसेपर्यंत बी खालीवर केले. पान सोडताना धाकटे पिल्लू जवळ आले आणि एकदाच वास घेऊ दे म्हणाले. तिने त्याला पोटभर वास घेऊ दिला. मग सगळी माती त्यात घातली, कणही मागे ठेवला नाही.

अर्धे बी तिने काळ्या कातळावर पसरले. करवंदीच्या जाळीशी ठेवलेले उरलेले अर्धे न्यायला ती आली, तोच दोन पिल्लांची भांडाभांडी ऐकू आली आणि ते तसेच सावलीत सोडून तिला पळावे लागले. परत यायला दुपार टळून गेली. येऊन पाहते तो चिचुंद्री कातळाच्या कडेला बसली होती.

"कातळावरचे सोबती गेले गं," ती हळूच म्हणाली. "सकाळी वास होता, आता नाही. आपल्याला सोसतं ते ऊन त्यांना नाही सोसत. सावलीतले आहेत अजून."

सशिणीच्या डोळ्यांत पाणी आले. दोन मुठी माती होती, त्यातली एक मूठ तिने आपल्याच पंजांनी भाजून काढली होती. दुसऱ्या कोणी ते वाळलेले बी पोरांना खायला घातले असते. तिने तसे केले नाही. चिचुंद्रीचे नाक खरे बोलते का, हे तिला पाहायचे होते. रडता रडतासुद्धा तिला ते पाहायचे होते, त्याला काय करणार! तिने सावलीतले बी एका ओळीत पेरले, कातळावरचे शेजारच्या ओळीत, आणि दोन्ही ओळींना सारखेच पाणी घातले.

पुढचे दिवस कठीण गेले. पिल्लांना गवताची मुळे आणि आंबट बोरे खाऊन राहावे लागले. शेजारणी हळहळत, पण तिच्या दाराशी यायचे टाळत. चिचुंद्री रोज सकाळी ओळींवरून नाक फिरवून जाई आणि काही न सांगता निघून जाई, कारण अजून सांगण्यासारखे काही नव्हते. दोन्ही ओळी उगवल्या, दोन्ही सारख्याच हिरव्या. पंधरा दिवस झाले, अठरा झाले. सशिणीला रोज उकरून पाहावेसे वाटे आणि रोज ती स्वतःला आवरी.

पौर्णिमेच्या सकाळी सगळे गाव निघायच्या तयारीत उभे राहिले. बियाण्याच्या पुरचुंड्या बांधलेल्या, पिल्ले पुढे. खाली जाणारी वाट सशिणीच्या दारावरून जात होती. म्हातारा सर्वांत पुढे होता. दोन ओळींपाशी तो आला आणि थांबला, म्हणून मागचेही थांबले. एक ओळ पिवळी पडायला लागली होती, माळावरच्या बाकीच्या हरभऱ्यासारखीच. दुसरी गर्द हिरवी होती आणि पहिलीपेक्षा बोटभर उंच.

म्हाताऱ्याने हिरव्या रोपाला पंजा घातला.

"उपटू नका, आजोबा," सशीण म्हणाली. "बाजूने उकरा."

त्याने बाजूने उकरले. मुळांवर गाठी होत्या. त्याने पिवळी ओळ उकरली, तिथे नव्हत्या. सशिणीने त्याला सगळे सांगितले. कोणते बी उन्हात होते, कोणते सावलीत, आणि हे आधी कोणाच्या नाकाला कळले, तेही सांगितले. आपण केलेली चूकही तिने लपवली नाही. म्हाताऱ्याने मुळाशी नाक नेले आणि डोळे मिटून बराच वेळ वास घेतला.

"आपल्या नदीकाठच्या मळ्याचा वास आहे," तो म्हणाला.  "मी तो सगळ्यांना धुवायला लावला."

त्या दिवशी कोणी खाली उतरले नाही. हिरव्या ओळीखालची माती आता मूठभर राहिली नव्हती, ओळभर झाली होती. म्हाताऱ्याने स्वतः प्रत्येक घराला पळसाच्या पानात थोडी थोडी वाटली. उरलेल्या बियांना डिंकात कालवून ती लावली आणि या वेळी सगळे बी करवंदीच्या सावलीत वाळले. चिचुंद्री मधोमध बसून कोणाच्या बियाण्याला सोबती लागले आणि कोणाच्या नाही, ते हुंगून सांगत होती. काही जणांनी पिवळ्या रोपांच्या मुळाशीही ती माती पाण्यातून घातली. सगळी काही सावरली नाहीत. तो हिवाळा सशांनी अर्धपोटी काढला, पण माळावर काढला, आणि सशिणीची चारही पिल्ले वसंतात घाटे फोडून खायला जिवंत होती. धाकटे पिल्लू तर दुपारी हिरव्या ओळीतच, मातीला नाक लावून झोपायचे.

एकदा म्हातारा ससा तिच्या दाराशी आला. त्याच्या मिशांना माती लागली होती आणि ती त्याने पुसली नव्हती. पंजात एक फोडलेली गाठ होती.

"पोरी, मी सकाळपासून विचार करतोय," तो म्हणाला. "ही आतून गुलाबी का असेल गं?"

सशीण म्हणाली, "मलाही नाही माहीत, आजोबा. चला, बघूया." आणि दोघे करवंदीच्या जाळीकडे, चिचुंद्रीला विचारायला निघाले.

तात्पर्य : जे डोळ्यांना दिसत नाही ते नाहीच, असे समजू नये, आणि घाण म्हणून काही धुऊन टाकण्याआधी, आपण काय धुतो आहोत, हे विचारून घ्यावे.